सगळी बक्षिसं मिळालेल्या माणसाला

भालचंद्र,

परवा पालघरला तुझी शोकसभा झाली. तुझ्या फोटोपुढे एक लांब टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरी चादर आणि चादरीवर तुझी सगळी बक्षिसं. नाटकाचं, टीव्हीचं, सिनेमाचं, रेडिओचं. कुणीतरी सकाळी ती चिंच लावून घासली असणार, कारण हार घातलेल्या फोटोपेक्षा तीच जास्त चमकत होती. बोलायला उभा राहणारा प्रत्येक जण आधी टेबलाकडे बघून घ्यायचा आणि मग घसा साफ करायचा. एक गृहस्थ तर म्हणाले, मिळण्यासारखं जे जे होतं ते ते त्यांनी मिळवलं, आता ते सुखाने गेले. म्हणजे तुझं मरणही त्यांनी शेवटच्या बक्षिसासारखं तुझ्या पदरात घातलं. मी मागच्या रांगेत पंख्याखाली बसले होते. मला कुणी बोलायला बोलावलं नाही ते एका परीने बरंच झालं. मी बोलले असते तर मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवलं असतं.

म्हणून इथे बोलते. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. तू मला काहीतरी विचारलंस, मी उत्तराला सुरुवात केली आणि पुरतं न ऐकता तू निघून गेलास. पुढे कायमचाच गेलास. ही काही रीत झाली?

आता तुला 'तू' म्हणणारं माणूस शोधून सापडायचं नाही. पण आपली ओळख झाली तेव्हा तू उमरोळीतला केळीवाल्यांचा पोरगा होतास आणि मी भाड्याने आणलेली बाई होते. असं लिहिलं की लोकांच्या भुवया वर जातील, जाऊ देत. सत्तरच्या दशकातल्या त्या दिवसांत गावच्या जत्रेतलं नाटक म्हणजे पुरुषांचा कारभार. घरच्या बायकांनी तोंडाला रंग लावायचा नाही. मग मुंबईहून बाई आणायची. माझं तेच काम होतं. कुठल्या गावाला कुठलं नाटक आहे ते कळलं की मी भूमिका पाठ करायची, पिशवीत दोन साड्या आणि रंगाचा डबा टाकायची आणि दुपारच्या पॅसेंजरने उतरायची. संध्याकाळी एक उभी तालीम, जेवणं झाल्यावर प्रयोग, सकाळी परत. तुम्ही लोकांनी मात्र जत्रेच्या आधी महिनेच्या महिने तालमी केलेल्या असायच्या, त्यासुद्धा मांडवाच्या खांबाला बायको समजून. त्यामुळे मी समोर उभी राहिले की भलेभले गडी खांबापेक्षा ताठ व्हायचे.

तू तर खलनायक. गावातल्या मास्तरांनी लिहिलेलं ते दारुड्याचं नाटक, त्यात तू बायकोचे दागिने विकणार, आईला घराबाहेर काढणार आणि माझ्या थोबाडीत मारणार. मारणार कसला. तालमीत तुझा हात वर जायचा आणि तिथेच लोंबकळत राहायचा. मी म्हटलं, अरे मार ना, मी काय देव्हाऱ्यातली मूर्ती आहे का. मग तुला शिकवलं, हात कसा आणायचा, कानाशी कसा थांबवायचा, मी माझ्याच तळव्यावर टाळी कशी देते आणि मान कशी फिरवते. तुझ्या कपाळावर घाम. तू म्हणालास, "बाई, तुमाला लागला तर?" मी म्हटलं, लागलं तर माझ्या कामात धरलेलं आहे. नटाला पहिला धडा देणारी बाई म्हणून तुझ्या एकाही मुलाखतीत माझं नाव आलं नाही, त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण तो आजच्या हिशेबात धरत नाही.

रात्री तू ती थोबाडीत अशी मारलीस की समोर बसलेल्या बायकांतून एक मोठा हुंकार आला. टाळी मीच दिली होती आणि तरी माझ्या गालाची आग झाली. हे कसं होतं ते मला आजही सांगता येत नाही.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळची. त्या गावाची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या पात्रांना आळीतून फिरवायचं, घराघरात चहा. नायक आला की बायका कौतुक करणार, विनोदी पात्राला पोरं चिकटणार. आणि खलनायक दारात आला की घरातल्या बाईने दार लावून घ्यायचं. काम चांगलं झालं असेल तरच. ज्याच्यासाठी एकही दार लागलं नाही तो मान खाली घालून घरी जायचा आणि पुढच्या जत्रेला त्याचं काम दुसऱ्याकडे जायचं. कुणी सभा घ्यायचं नाही, कुणी मतं मोजायचं नाही.

जनीकाकी तुझी सख्खी चुलती. अंगाखांद्यावर खेळवलेलं पोर. तिच्या ओटीवर आपण सगळे चढलो, तिने मला हाताला धरून आत घेतलं आणि तुझ्या तोंडावर दार लोटलं.

"बाय, तुमी बसा. या मेल्याला माज्या घरात पानी नाय."

मी फटीतून बाहेर पाहिलं. तू अंगणात केळीजवळ उभा होतास आणि तुझा चेहरा नुकत्याच लग्न ठरलेल्या माणसासारखा झाला होता. नंतर काकीने तुला मागच्या दारी बोलावून चहा दिला, सोबत कालची घावनं दिली आणि तेवढ्यात दोन शिव्याही दिल्या. तिला नाटक आणि तू वेगळे आहात हे काय कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण तिचा राग खरा होता आणि तो कुठेतरी ठेवायला हवा होता, तो तिने दारावर ठेवला.

गाडीची वाट बघत स्टेशनावर बसलो होतो तेव्हा तू विचारलंस, "बाई, खरा सांगा, कसा झाला?" मी सांगितलं. तुझं बोलणं फार घाईचं, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो, आणि उभा असताना तू आपले पाय बघतोस, पायांत काही ठेवलंय का? तू मान हलवत सगळं ऐकून घेतलंस. दुसरा एखादा म्हणाला असता, भाड्याची बाई ती, हिला काय कळतंय. पुढच्या जत्रेला तू पाय बघितले नाहीस. त्या दिवशी मी तुला मानलं, भालचंद्र. आजवर इतक्या नटांबरोबर उभी राहिले, पण 'कसं झालं' विचारून खरोखर उत्तरासाठी थांबणारा तू एकटा.

पुढे माझे यजमान बोईसरच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मीही इकडचीच झाले. तू त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतास. आपण नाटकमंडळ काढलं. बोईसर तेव्हा सगळा चिखल आणि पत्रे, नवी नवी शेड उभी राहतेय, निम्मे कामगार हिंदी बोलणारे. तिकडे तारापूरच्या अणुकेंद्राच्या कॉलनीत सुशिक्षित मंडळी, त्यांच्या हॉलमध्ये पंखे, खुर्च्या, पडदासुद्धा ओढायचा. आपण दोन्हीकडे तेच नाटक करायचो. किनाऱ्यावरच्या गावात केलं तर कोळणी मध्येच उठून बोलायच्या, कॉलनीत कुणी खोकायचंसुद्धा नाही. प्रत्येक प्रयोगानंतर तुझा तोच प्रश्न आणि माझं तेच खरं खरं उत्तर. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, आता सांगून ठेवते.

मग कामगारांची ती नाट्यस्पर्धा आली.

पहिल्या वर्षी आपण दारुड्याचं नाटक घेऊन गेलो आणि आपल्याला कुणी हिंग लावून विचारलं नाही. तू तिथे थांबून बाकीच्यांची नाटकं पाहिलीस आणि परत आलास तो कामाला लागलेला माणूस. म्हणालास, बाई, तिथे कळलं काय करायचं असतं ते. अंधारात, रांगांच्या मधोमध परीक्षकांचं टेबल असतं, टेबलावर कागदापुरता छोटा दिवा असतो. नाटक त्या दिव्यासाठी करायचं. पुढच्या वर्षी आपल्या नाटकात पायऱ्या आल्या, चौथरे आले, लाल उजेड आला, काळे कपडे घातलेली माणसं हात वर करून उभी राहिली. तू एक वाक्य म्हणायचास आणि मग इतका वेळ गप्प राहायचास की मला वाटायचं, विसरला. चौथरे उचलायला आपल्याबरोबर कारखान्यातला रामसेवक यायचा. त्याने सगळ्या तालमी पाहिल्या, प्रयोग पाहिला, आणि सामान ट्रकमध्ये भरताना मला हळूच विचारलं, "दीदी, बहुत बढ़िया था. पर हुआ क्या?"

आपल्याला सगळी बक्षिसं मिळाली. अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाश. मलाही एक प्रमाणपत्र मिळालं, नाव चुकवलेलं. आणि ते नाटक आपण पुन्हा एकदाही केलं नाही. उमरोळीत नाही, बोईसरला नाही, कॉलनीत नाही. मी म्हटलं, जत्रेला करू या. तू म्हणालास, तिथे कोणाला कळणार आहे? मी म्हटलं, मग केलं कुणासाठी? तू उत्तर दिलंस, "बाई, दिवा जिथे आहे तिथेच बघणारा माणूस आहे. बाकी सगळा अंधार." वाक्य छान होतं. त्यालाही बक्षीस मिळालं असतं.

मी कोती नाही, भालचंद्र. तू मुंबईला गेलास आणि पहिल्याच मोठ्या नाटकात तुला ते रंगभूमीचं बक्षीस मिळालं, ते नाटक मी तिकीट काढून पाहिलं. त्यात तू खरंच मोठं काम केलंस. दुसऱ्या अंकात तू नुसता चष्मा पुसत बसलास आणि माझ्या शेजारचा अनोळखी माणूस रडत होता. रडता रडता तो मला सॉरी म्हणाला. ते बक्षीस तुझं होतं, हक्काचं होतं. कुणी नाही म्हटलं तर मी आजही भांडेन.

पण त्याच्या पुढचं? पैशाकडे पैसा जातो तसा मानाकडे मान जातो. एकदा एकाने दिलं की दुसऱ्याला न देऊन चालत नाही. तुला दिलं की देणारेच मोठे होतात, फोटो चांगला येतो, मंडप भरतो. टीव्हीचं मिळालं त्या मालिकेत तू दर आठवड्याला सोफ्यावर बसून सुनेला उपदेश करायचास. सिनेमाचं मिळालं त्यात तू आंधळा झालास, आणि आंधळा झालेल्याला बक्षीस मिळतंच हे तर पोराटोरांनाही ठाऊक. मग पेपरांनी लिहायला सुरुवात केली की आता एकट्या रेडिओचं राहिलं. त्याच सुमारास तू पालघरला कुणाच्या लग्नाला आला होतास. मला बाजूला घेऊन म्हणालास, बाई, आता एकच राहिलंय. माझं मन केवढं हरखलं. मला वाटलं, एखादी भूमिका म्हणतोयस, आयुष्यभर डोक्यात असलेली. तर रेडिओचं बक्षीस. त्यासाठी तू अर्ध्या तासाची एक श्रुतिका केलीस आणि तेही तुला मिळालं. बाजार उठताना उरलेली जुडी भाजीवाली आपणहून पिशवीत टाकते ना, तसं.

सगळं मिळालं. असा तू एकटाच, असं सगळे म्हणाले. मी घरी बसून विचार करत होते, सगळं मिळालं याचा अर्थ काय लावायचा? ज्याला एक मिळालं त्याने एकदा तरी काहीतरी केलं असेल. ज्याला सगळीच मिळाली त्याने बहुतेक कुणालाच दुखवलं नाही. दार लावून घ्यावं असं कुणाला वाटलं नाही. तुझ्यासारख्या खलनायकाला मी याहून वाईट काय म्हणू?

पालघरला तुझा सत्कार झाला, ट्रकवरून मिरवणूक निघाली, तेव्हा मला वाटलं होतं की तू फुगला असशील. तू फुगला नव्हतास. भाषणं संपल्यावर पुढाऱ्यांना टाळून तू माझ्याशेजारी येऊन बसलास. गळ्यात इतके हार की मान वळत नव्हती. हळूच म्हणालास, "बाई, आता मला कुणी सांगत नाही." काय सांगत नाही ते मी विचारलं नाही, मला कळलं. तू म्हणालास, मी कुठेही काहीही केलं तरी लोक उभे राहतात. शिंकलो तरी टाळ्या पडतील. चांगलं होतंय की वाईट, मला आतून कळेनासं झालंय. मग एकदम तुझे डोळे पहिल्यासारखे झाले आणि तू म्हणालास, आपण उमरोळीत दारुड्याचं नाटक करू या. तोच खलनायक मी करतो. तिथे कळेल.

खरं सांगते, त्या क्षणी माझा सगळा राग गेला. सगळं मिळवलेला माणूस आपल्याला काय येतं ते तपासायला आपल्या आळीत येतोय, हे माझ्या लेखी तुझ्या सगळ्या बक्षिसांहून मोठं होतं.

गावाने जत्रेला मांडव घातला. आता मुंबईहून बाई आणायची गरज नव्हती, तुझ्या बायकोचं काम जनीकाकीच्या नातीने केलं, कॉलेजात जाणारी धीट मुलगी. मी आई झाले. आमच्या वेळी ते काम गावचा न्हावी मिशा काढून करायचा, त्याच्यापेक्षा मी बरी दिसले असेन. लोक केवढे आले होते, बोईसर, तारापूर, पार सफाळ्यापासून. तू नुसता प्रवेश केलास आणि सगळे उभे राहिले. तू दारू प्यायलास, टाळ्या. दागिने ओरबाडलेस, टाळ्या. त्या पोरीच्या थोबाडीत मारलीस, शिट्ट्या. बाईला मारतोय त्याला शिट्ट्या. मला तिथेच रडू यायचं राहिलं होतं.

सकाळी तू अंघोळ करून सगळ्यांच्या आधी तयार. धोतर नेसला होतास. आपण आळीत निघालो. पहिलं घर, दारात रांगोळी आणि ओवाळायला ताट. दुसऱ्या घरी तसंच. मोगऱ्याचे गजरे, फोटो काढायला मुंबईहून आलेला भाचा, वहीवर सही. तू हसत होतास, पण प्रत्येक ओटीवर चढायच्या आधी तुझी पावलं जरा हळू व्हायची आणि तू दाराकडे बघायचास. मी तुझ्या मागेच होते. मला दिसत होतं.

जनीकाकी आता थकली होती. तिला नवं लुगडं नेसवून दारात खुर्चीवर बसवलं होतं. तू तिच्या पायाशी बसलास आणि इतकं हळू बोललास की मी जवळ नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

"काकी, दार लाव ना गं."

ती हसली. तिला वाटलं तू चेष्टा करतोयस. तिने तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुला कसा दार लावू बाबा? तू मोटा मानूस. तुज्यामुलं गावाचा नाव झाला."

तू उठलास. चहा घेतला नाहीस. पुढची घरं तू कशी केलीस ते तुझं तुला माहीत. त्या दिवशी तुझी चूक नव्हती आणि गावाचीही नव्हती. त्यांना तुझा अभिमान होता आणि अभिमान असलेल्या माणसाला तोंडावर दार कसं लावायचं? पण मला त्या दिवशी कळलं की ती सगळी बक्षिसं मिळून तुझ्याकडून काय घेऊन गेली. तू वाईट केलंस म्हणून दारं उघडी राहिली, की चांगलं केलंस तरी उघडीच राहिली असती, हे कळायची सोयच उरली नव्हती.

मग तुझी गाडी निघायच्या वेळी तू काच खाली करून मला जवळ बोलावलंस. कितीतरी वर्षांनी तो प्रश्न आला. "बाई, खरं सांगा. कसं झालं?"

आणि मी सांगितलं. वाईट झालं. तू कुणाला मारत नव्हतास, तू मारून दाखवत होतास. दारू पिताना तू समोर अंधारात तो दिवा शोधत होतास. दिवा नव्हता तिथे, तरी शोधत होतास. मी म्हटलं, एक जागा सोडली तर सगळं वाईट झालं.

तुझा चेहरा लाल झाला. तू म्हणालास, "तुम्हाला आयुष्यात एक तरी बक्षीस मिळालं असतं ना बाई, तर तुमच्या तोंडून हे आलं नसतं." आणि काच वर केलीस. मी 'एक जागा' म्हणाले होते, ते तू ऐकलंसुद्धा नाहीस. मला जे झोंबलं ते झोंबलंच, त्याची भरपाई तू केली नाहीस आणि मी मागितली नाही. पण बघ तुझी काय दशा झाली. चांगलं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवता येत नव्हता, कारण सगळेच चांगलं म्हणत होते. आणि वाईट म्हणणाऱ्यावर ठेवता येत नव्हता, कारण तो जळतोय असं वाटायचं. पावसाळा संपता संपता तुझ्या जाण्याची बातमी टीव्हीवर आली. बातमी सांगणाऱ्या मुलीने तुझ्या नावाच्या आधी बक्षिसं सांगितली. तोवर दुसरंच कुणी असावं, अशी मी आशा करत होते.

तर ती जागा. तू विचारली नाहीस, तरी सांगते.

तिसऱ्या अंकात तू सगळं घालवून घरी येतोस आणि आई विचारते, "जेवलास का रे?" त्यावर तुझं ते लांबलचक भाषण आहे, भुकेवरचं, मुंबईच्या लेखकाकडून तू नव्याने लिहून घेतलेलं. मी विचारलं, जेवलास का रे. आणि तू अडकलास. भाषण गेलं डोक्यातून. विंगेतून संवाद सांगणारा पोरगा पुटपुटत होता, तुला ऐकू जात नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस. बिनबक्षिसाचा, बिनआवाजाचा, घाबरलेला. आणि तुझ्या तोंडून आलं, "नाय गं आये." एवढंच. ते नाटकात नव्हतं.

पुढे सतरंजीवर एक आदिवासी बाई मांडीवर लेकरू घेऊन बसली होती. डोंगरातून जत्रेला आलेली असावी. तू कोण, तुला काय काय मिळालंय, हे तिला ठाऊक असायचं कारण नाही. ती मोठ्याने माझ्यावर खेकसली, "मंग वाढ ना गं त्याला."

तोवर तुला भाषण आठवलं आणि तू सुरू झालास. टाळ्या पडल्या, तुला त्या ऐकू आल्या. विंगेत येऊन तू त्या पोराच्या अंगावर ओरडलास की तुझ्यामुळे माझी जागा गेली. तुझ्या लेखी ती त्या प्रयोगातली सगळ्यात मोठी फजिती होती.

भालचंद्र, ती बाई ओरडली तेव्हा माझा हात आपसूक चुलीवरच्या टोपाकडे गेला होता. मी त्यात बघितलं. नाटकातला टोप तो, रिकामाच असणार. एवढी वर्षं मी असले टोप हाताळले. पण त्या दिवशी पोरगा उपाशी दारात उभा होता आणि वाढायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला त्या बाईसमोर मान वर करता येईना.